तेरीज जुळली, म्हणून हिशेब आला का?

जगातली पहिली हार्ड डिस्क कशासाठी बनली असेल? क्षेपणास्त्रांसाठी नाही, हवामानाच्या अंदाजासाठीही नाही. ती बनली हिशेबासाठी. आयबीएमने १९५६ मध्ये '३०५ रॅमॅक' हा संगणक आणला, तो व्यापारी खाती सांभाळण्यासाठी. त्याच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरे. आज मोबाइलमधल्या एका चांगल्या फोटोलाच तेवढी जागा लागते. पण तोवर एका गिऱ्हाइकाचे खाते बघायचे तर छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा क्रमाने चाळावा लागे. रॅमॅकमध्ये हवी ती नोंद सेकंदाच्या आत सापडू लागली.

त्या यंत्राचा वंशज आज इचलकरंजीच्या किंवा भोसरीच्या कुठल्याही कारखान्यात, अकाउंट्सच्या टेबलाखाली धूळ खात घरघरत असतो. त्यात टॅली असते आणि दहा-बारा वर्षांची बिले. डिस्क कुरकुरू लागली की मालक नवा सर्व्हर घेतात आणि कॉम्प्युटरवाला सांगतो, "शनिवारी संध्याकाळी डेटा टाकून देतो, सोमवारी काम सुरू करा."

या 'टाकून देतो'मध्ये काय घडते ते बघण्यासारखे आहे. जुन्या डिस्कवर तुमचा हिशेब म्हणजे चुंबकीय कणांच्या दिशा. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिथे सूक्ष्म पेशींमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. काही एसएसडींत तर एकाच पेशीतल्या विद्युतभाराच्या १६ वेगवेगळ्या पातळ्या ओळखून ४ बिट साठवले जातात. जुन्यातला एक अणूही नव्यात जात नाही. जाते ती फक्त मांडणी, आणि तरीही गेल्या मार्चमधले साडेसत्तेचाळीस रुपयांचे कुरिअरचे व्हाउचर त्याच तारखेला, त्याच खात्यावर उभे असते!

पण ते तसेच आले आहे, हे कळणार कसे? बहुतेक ठिकाणी तेरीज काढतात, नावे आणि जमा जुळले की चहा मागवतात. इथेच फसगत आहे. दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन्ही बाजूंना सारख्याच रकमेने लागतो. वाटेत एक अख्खे व्हाउचर गळाले तर नावेही गेले आणि जमाही गेली, आणि तेरीज बिचारी जुळलेलीच राहते. पाचशे व्हाउचरे गळाली तरी जुळेल. म्हणून नवी तेरीज स्वतःशी जुळते का, हा प्रश्नच अपुरा आहे. ती जुन्या तेरजेशी खातेनिहाय जुळते का, आणि दर महिन्याच्या व्हाउचरांची संख्या तीच आहे का, हे बघायला हवे.

याहून कडक परीक्षा गणिताने दिली आहे. एसएचए-२५६ नावाची रीत कितीही मोठी फाइल घेते आणि तिची ६४ अक्षरांची खूण काढते. फाइलमधला एक बिट बदला, खुणेतले साधारण निम्मे बिट उलटतात. अशा किती वेगळ्या खुणा असू शकतात? तो आकडा ७८ अंकी आहे. जुन्या आणि नव्या फाइलची खूण सारखी आली तर कोट्यवधी नोंदी एकही न उघडता तपासल्यासारखेच झाले. ही सोय विंडोजमध्ये फुकट आहे आणि जवळजवळ कोणी वापरत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. मात्र खूण कॉपी झाल्याबरोबर काढायची. नव्या यंत्रावर कंपनी एकदा उघडली की फाइल बदलू शकते आणि तुलनेत अर्थ उरत नाही.

त्याच कारणाने कॉपी करताना सगळ्यांनी टॅली बंद करायची असते. चालू कामात नोंदीचा काही भाग डिस्कवर तर काही मेमरीत असू शकतो. अशा वेळी घेतलेली प्रत अर्धवट वाक्यावर थांबते. मोठे डेटाबेस यावर जी युक्ती करतात ती मुनीमजींना ओळखीची वाटेल. पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर कुठलाही बदल आधी क्रमाने एका लॉगमध्ये लिहितात आणि मग मूळ जागी उतरवतात. आधी कीर्द, मग खतावणी. मध्येच वीज गेली तर लॉग वाचून खाती पुन्हा उभी राहतात.

एक्सेलमध्ये काढून नव्या ठिकाणी भरण्याचा सोपा मार्ग काहींना सुचतो. आकडे येतील, पण कोणी कधी काय बदलले हा माग मागे राहील. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा माग ठेवणे सक्तीचे आहे. तारखांचेही बघा. नव्या विंडोजमध्ये अमेरिकी तारीख लागली असेल तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि आर्थिक वर्षच बदलते. युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली मराठी नावे तो फाँट नसला तर गिचमिड दिसतात. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावर आधी सोडून द्यायचा आणि मग नव्यावर चालू करायचा. मुहूर्त म्हणाल तर २० तारखेचे जीएसटीचे मासिक विवरण भरून झाल्यावरचा शनिवार बरा.

आणि सर्व्हरची मेमरी महाग का असते? बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला अचानक ४,०९६ मते जास्त पडली. एकच बिट उलटला होता, बहुधा अवकाशातून आलेल्या कणामुळे. दोनाचा बारावा घात म्हणजे नेमके ४,०९६. ईसीसी मेमरी असा एकटा उलटलेला बिट ओळखून जागच्या जागी सुधारते. हिशेबाच्या यंत्रात तिच्यावर काटकसर करू नये.

राहिला जुना सर्व्हर. तो लगेच भंगारात देऊ नका. कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षांचे हिशेब जपावे लागतात. बॅकअप एसएसडीवर घेऊन कपाटात ठेवला असेल तर तो अधूनमधून जोडून, उघडून बघा. विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतले इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपून जातात, आणि उकाड्यात ते लवकर जातात.