सुडाचे खाते

या व्याख्यानमालेसाठी आम्ही हा विषय सुचवला तेव्हा एका स्नेह्यांनी हसत विचारले की, युनियनचे काम करणाऱ्या माणसाला पोरासोरांच्या कथा-कादंबऱ्यांशी काय कर्तव्य आहे? प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते शिरूरच्या वाचनालयात आणि दौंड-पुणे गाडीच्या डब्यात झाले. वाङ्मयाची चिकित्सा करण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांतून अठरा-वीस वर्षांची जी पोरे रोज आमच्याकडे येतात, त्यांच्या तोंडी 'न्याय' हा शब्द ज्या अर्थाने असतो तो अर्थ त्यांनी कायद्याच्या पुस्तकातून घेतलेला नसतो. तो गोष्टीतून घेतलेला असतो. मग ती गोष्ट छापलेली असो, पडद्यावरची असो, की आजोबांनी ओसरीवर सांगितलेली असो. तेव्हा गोष्ट काय शिकवते हे पाहणे आमच्या कामातच येते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात, रात्रपाळीत, एकोणीस वर्षांच्या एका कंत्राटी मुलाची उजव्या हाताची दोन बोटे प्रेसखाली गेली. हात आत असला तर यंत्र थांबावे म्हणून बसवलेला सेन्सर बंद करून ठेवलेला होता, कारण त्याने यंत्र वारंवार अडते आणि टार्गेट भरत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाचे पाच सोबती आमच्याकडे आले. सुपरवायझर किती वाजता मोटारसायकलवरून घरी जातो, घोड नदीच्या पुलाअलीकडे अंधार कोठे असतो, हे सारे त्यांनी ठरवून ठेवले होते. परवानगी मागायला ते आले नव्हते. केवळ कानावर घालायला आले होते. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "आप्पा, न्याय झाला पाहिजे." आम्ही विचारले, "न्याय म्हणजे काय रे बाबा?" तो म्हणाला, "त्याची पण दोन बोटं."

हे उत्तर वेडगळ आहे असे कोणी समजू नये. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने जे कायदे दगडावर कोरवले त्यांत डोळ्याबद्दल डोळा हे कलम आहेच. आपण त्याला क्रूर म्हणतो. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. एका डोळ्याबद्दल एकच डोळा, दोन्ही नव्हेत, जीव तर नव्हेच. म्हणजे ती सुडाला घातलेली वेस होती. (तीही बरोबरीच्या माणसांत; हलक्या दर्जाच्या माणसाचा डोळा फोडला तर चांदी मोजून सुटता येत असे. ही गोष्ट आमच्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही.) आणि मोजमाप राजाचे होते, ज्याचा डोळा गेला त्याचे नव्हे. आपल्याकडे १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची शक्ती वीस टक्क्यांनी घटली, असे त्याच्या परिशिष्टात धरलेले होते. बोटांचा हिशेब तोही कायदा करीत होता. मात्र तो बोटांत वसूल न करता रुपयांत करीत होता.

आमच्या समजुतीप्रमाणे सूड आणि न्याय यांतला फरक शिक्षा कडक की सौम्य यात नाही. जो नियम मी दुसऱ्याला लावतो तो मलाही बांधतो काय, आणि माझ्या रागाच्या बाहेर उभा असलेला कोणी तिसरा माणूस हिशेब पाहणार आहे काय, या दोन गोष्टींत तो आहे.

हे शहाणपण आमच्या अंगी उपजत नव्हते. १९९०च्या दशकात, आम्ही पंचविशीत असताना, दौंडच्या बाजूला एका कारखान्यात संप झाला. संप मोडून कामावर जाणाऱ्या एकाला आम्ही तिघांनी अंधारात गाठले. त्याचा हात मोडला. त्याला आम्ही 'शिक्षा' असे नाव दिले होते. महिन्याभरात त्याच्या मेव्हण्यांनी आमच्यातल्या एकाची कडब्याची गंज पेटवली. मग आमच्या बाजूने त्यांच्या विहिरीवरची मोटार पाण्यात गेली. पुढे एका लग्नात काठ्या निघाल्या. दुसरे वर्ष उजाडले तेव्हा मूळ मागणीपत्रात किती रुपये वाढ मागितली होती, हे सांगणारा कोणी उरला नव्हता. मात्र दोन्ही बाजूंचा हिशेब चोख होता. फरक एवढाच की आमचे खाते पेटलेल्या गंजीपासून सुरू होई आणि त्यांचे मोडलेल्या हातापासून. बांधाच्या भांडणात ज्यांची जिंदगी गेली आहे अशी घरे श्रोत्यांनाही ठाऊक असतील. तेथेही बांध पहिल्यांदा कोणी कोरला याची उत्तरे दोन असतात.

आता गोष्टींकडे येतो. पुलाजवळ दबा धरायला निघालेल्या त्या पोरांपैकी एकाने आम्हाला सुनावले होते, "आप्पा, तुम्हीच आम्हाला 'फकिरा' वाचायला दिलं." खरे होते ते. अण्णा भाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिचा लेखक शाळेत दीड दिवस गेला, असे सांगतात. आम्ही नऊ वर्षे जाऊन काय दिवे लावले, हा विचार तिच्या प्रत्येक वाचनात मनात येतो. असो. पोराने ती वाचली होती, पण आमच्या मते उलटी वाचली होती.

कथा बहुतेकांना माहीत आहे. जोगणी ज्या गावाकडे, जत्रेचा मान त्या गावाकडे. ती आणणारा परगावच्या शिवेत सापडला तर त्याचा जीव जाईल. शीव ओलांडून आपल्या हद्दीत पोहोचला तर त्याला हात लावायचा नाही. असा हा दोन गावांमधला नियम. वाटेगावचा राणोजी जोगणी घेऊन शीव ओलांडतो, आणि तरीही शिगावचा खोत नियम मोडून त्याला ठार करतो. राणोजीचा मुलगा फकिरा. पुढे खोताच्या पक्षाचा माणूस त्याच्या तलवारीच्या टप्प्यात येतो. सामान्य सूडकथा असती तर येथे मुंडके उडाले असते आणि वाचकाने टाळी दिली असती. फकिरा त्याच्या हातावर वार करतो आणि त्याला जिवंत सोडतो. हातावर वार ही काही सौम्य गोष्ट नव्हे. परंतु बापाला मारणाऱ्यांनी जो नियम तुडवला तो नियम हा मुलगा पाळतो. आमच्या मते फकिराचा मोठेपणा येथे आहे, तलवारीत नव्हे. पुढे दुष्काळात तो धान्य लुटतो तेही कोणाला रडवण्यासाठी नव्हे, उपाशी माणसांच्या घरी चूल पेटावी म्हणून. आणि शेवटी इंग्रज सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते तेव्हा त्यांच्यासाठी तो स्वतःला हवाली करतो. नुसत्या सुडाने पेटलेल्या माणसाला हे सुचत नाही; त्याला आणखी एक मारून मरायचे असते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. फकिराच्या काळी तिसरा माणूस होता कोठे? सरकारच हजेरी घेत होते. जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली झाला, पुढे मुंबई इलाख्यालाही लागला आणि १९५२ साली रद्द झाला. ज्याच्याकडे दाद मागायची तोच बेड्या घेऊन उभा, अशा माणसाला आम्ही संयमाचा उपदेश करणार नाही. परंतु फकिराची गोष्ट पुढे करून जो तरुण सुपरवायझरची बोटे मोडू पाहतो, त्याला तिसऱ्या माणसाचा दरवाजा निदान ठोठावून पाहता येतो. दरवाजा उशिरा उघडतो ही तक्रार निराळी, आणि ती आम्हालाही मान्य आहे.

जुन्या गोष्टींत तर ही साखळी फार स्पष्ट मांडली आहे. महाभारत पोरांना सांगताना आपण भीमाच्या गदेशी थांबतो. त्याची सुरुवात मात्र सांगत नाही. अश्वत्थाम्याच्या अस्त्रातून गर्भात असतानाच वाचलेला परीक्षित पुढे राजा होतो आणि मौनात बसलेल्या शमीक ऋषींच्या गळ्यात रागाने मेलेला साप टाकतो. ऋषींचा पोरवयाचा मुलगा शृंगी चिडून शाप देतो. स्वतः शमीक मुलाची कानउघाडणी करतात, पण शाप सुटलेला असतो. तक्षक परीक्षिताला डसतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय मोठा होतो आणि एका तक्षकाबद्दल साऱ्या सापांना अग्नीत होमायला बसतो. ते सत्र थांबवतो आस्तीक नावाचा एक तरुण, ज्याची आई नागकुळातली आणि बाप ऋषी. दोन्ही कुळांचे रक्त अंगात असलेला, आणि म्हणून दोघांकडेही बोलू शकणारा. सारे महाभारत सांगितले गेले ते या सर्पसत्रात, हे विसरू नये.

अलीकडच्या वाचनाचे थोडक्यात सांगतो. आमच्या तरुणपणी बाबुराव अर्नाळकरांची झुंजार आणि काळापहाड यांची पुस्तके हातोहात फिरत. कायद्याबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारा नायक आम्हाला तेव्हा फार आवडे, आणि वर सांगितलेल्या संपात त्याचा थोडा हात असावा असा आम्हाला संशय आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र वेगळा. हा आपल्या फुरसुंगीचा पोर सायकलवरून चोरांच्या मागे लागतो, मार खातो, पण शेवटी चोर पोलिसांच्या ताब्यात जातात. शिक्षा देण्याचे काम फेणे आपल्या अंगावर घेत नाही. आमच्या पुतणीने सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'हंगर गेम्स' ही कादंबरीमाला वाचून तिसऱ्या भागाची गोष्ट आम्हाला सांगितली. तो भाग २०१० सालचा. ज्या राजधानीने इतरांची मुले एकमेकांशी लढवून मारली, तिच्यावर बंडखोर विजय मिळवतात. आणि त्यांची पुढारीण सुचवते की आता एकदा राजधानीची मुले लढवू या. मतदान होते आणि ठराव मंजूरही होतो! नायिका आधी होकार देते. पण पुढे जुन्या जुलमी अध्यक्षाला मारायला उचललेला तिचा बाण या नव्या पुढारणीला लागतो. पुतणी म्हणाली, "काका, शेवटी तिनेही बाणच मारला ना?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

पुस्तकातल्या गोष्टी पुस्तकात राहिल्या असत्या तर आम्ही हा विषय घेतला नसता. २०२३ च्या जानेवारीत दौंड तालुक्यात, पारगावजवळ भीमेच्या पात्रात, एकाच कुटुंबातील सात जणांचे मृतदेह एकामागून एक सापडले. त्यांत तीन लहान मुले होती. पोलिसांनी नात्यातल्याच माणसांना अटक केली. पोलिसांचा आरोप असा की, आपल्या घरातला मुलगा अपघातात गेला त्यामागे या कुटुंबाचा हात असल्याचा संशय त्यांना होता आणि त्याचा हा सूड. आरोपाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु ती बातमी वाचल्यावर कित्येक दिवस आम्हाला एकच गोष्ट सुचत होती: त्या तीन मुलांच्या नावावर कोणत्या खात्यात काय मांडलेले असेल?

त्या संध्याकाळी घोड नदीच्या पुलाकडे कोणी गेले नाही. त्यासाठी आम्हाला पहाटे तीनपर्यंत बोलावे लागले, आणि सकाळी पाचही जणांना घेऊन फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीत अर्ज द्यावा लागला. पंधरा दिवसांत त्या खात्यातल्या सगळ्या प्रेसवरचे सेन्सर चालू झाले. भरपाई मिळायला साडेतीन वर्षे गेली. तेवढ्यात त्या मुलाचे ठरलेले लग्न मोडले. सेन्सर कोणाच्या तोंडी हुकमाने बंद होता हे शेवटपर्यंत कागदावर आले नाही. पाचांपैकी चौघे अजून वर्गणी भरतात. थोरला, ज्याने दोन बोटे मागितली होती, तो आमच्याशी बोलत नाही; शिरूरच्या बाजारात आम्ही समोर दिसलो की तो भाजीच्या पालांमागून निघून जातो.