पॉझिटिव्ह म्हणजे नक्की काय गं?

रिपोर्टवर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' हे दोन शब्द दिसले की काळजात धस्स होतं आणि घरात नको ते प्रश्न सुरू होतात. पण हा काही एकच व्हायरस नाही, त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातला कुठला आलाय आणि तो किती दिवस मुक्काम ठोकून बसलाय, खरा प्रश्न हा आहे!

शनिवारी सकाळी साडेसातला मोबाइल वाजला. वीकएंडला एवढ्या सकाळी फक्त आईचा फोन येतो, म्हणून न बघताच उचलला. तर पलीकडे आमची बाणेरची मैत्रीण. वय वर्षं ३२, आयटीत टीम लीड, लग्नाला तीन वर्षं. "ऐक ना, एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे नक्की काय गं? मला कॅन्सर झालाय का?"

झालं होतं असं, की तिनं एक हेल्थ चेकअप पॅकेज घेतलं होतं. शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि सोबत ही टेस्ट. रिपोर्ट मेलवर आला रात्री अकराला. तिनं लगेच इंटरनेटवर शोधाशोध केली, आणि रात्री अकरानंतर केलेल्या शोधाशोधीतून कुणाचं भलं झालंय? शेजारी बसलेल्या नवऱ्यानं रिपोर्ट वाचला, थोडा वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, "पण हे तुला आलं कुठून?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर त्याच्याकडेही नव्हतं. पण प्रश्न तिला विचारला गेला होता. पुढचे चार दिवस त्या टू बीएचकेमध्ये फक्त टीव्ही बोलत होता.

पाचव्या दिवशी दोघं गायनॅककडे गेले. (मी म्हटलं होतं, त्यालाही ने. बाहेर बाइकवर बसवून ठेवू नकोस.) डॉक्टरबाईंनी जे सांगितलं, ते आपण सगळ्यांनीच एकदा नीट समजून घ्यायला हवं.

एक आडनाव, दोनशे भावंडं

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हे एका मोठ्या खानदानाचं आडनाव आहे. शास्त्रज्ञांनी या भावंडांना नावं दिलेली नाहीत, नंबर दिलेत. हातापायांवर येणारे साधे चामखीळ याच खानदानातले. नंबर ६ आणि ११ गुप्तांगावर मोड आणतात. दिसायला वाईट, त्रासदायक, पण कॅन्सरच्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी. भीती आहे ती साधारण डझनभर 'हाय रिस्क' प्रकारांची. १६, १८, ३१, ३३, ४५, ५२, ५८ वगैरे. त्यातही १६ आणि १८ ही जोडगोळी सगळ्यांत खतरनाक. जगातले गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात, आणि भारतात तर हे प्रमाण आणखी जास्त आहे.

१६ नंबरचा छडा लावला जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी, १९८३ मध्ये. पुढच्या वर्षी १८ सापडला. त्याआधी बहुतेकांचा संशय हर्पीसच्या व्हायरसवर होता. या शोधासाठी २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगभरच्या लॅबमध्ये आजही वाढवल्या जाणाऱ्या 'हेला' पेशी आठवतात? हेनरिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या. त्याच वर्षी ती गेली, वय अवघं ३१. तिच्या पेशींत पुढे सापडला तो नंबर १८.

हे नंबर एवढे महत्त्वाचे का? आपल्या पेशींमध्ये वाढीला आवर घालणारे ब्रेक असतात. हाय रिस्क प्रकारांची दोन प्रथिनं, ई-६ आणि ई-७, नेमके हेच ब्रेक निकामी करतात. साध्या प्रकारांना ते तितकंसं जमत नाही. म्हणून एकाचा चामखीळ होतो आणि दुसऱ्याचा कॅन्सर.

अमेरिकेत पोर्टलंडला वीस हजारांहून जास्त बायकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००५ मध्ये निष्कर्ष आले. नंबर १६ असलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के जणींमध्ये दहा वर्षांत कॅन्सरच्या अगदी आधीची पायरी किंवा त्यापुढचा बदल दिसला. नंबर १८ असलेल्यांमध्ये सुमारे १४ टक्के. बाकीचे हाय रिस्क प्रकार असलेल्यांमध्ये ३ टक्के. आणि टेस्ट निगेटिव्ह असलेल्यांमध्ये १ टक्क्याहून कमी. म्हणजे 'पॉझिटिव्ह' हा शब्द एकच, पण त्यामागची जोखीम पाच-सहा पट कमी-जास्त. आता बोला!

मैत्रिणीच्या रिपोर्टवर हे सगळं लिहिलेलं होतं, फक्त दुसऱ्या पानावर. १६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, इतर हाय रिस्क पॉझिटिव्ह. सोबतची पॅप टेस्ट नॉर्मल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता काहीही करायचं नाही. वर्षानं परत टेस्ट. पण वर्षानं म्हणजे वर्षानं, विसरायचं नाही." १६ किंवा १८ असता, तर पॅप नॉर्मल असूनही कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी लगेच करावी लागली असती.

पाहुणा आणि बिऱ्हाडकरू

दुसरा मुद्दा मुक्कामाचा. लैंगिक संबंध सुरू झाल्यावर बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही गाठतोच. एकच जोडीदार असला तरी. ताप नाही, खाज नाही, काही कळतही नाही. दहापैकी नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप हाकलून देतं. पाहुणा आला, गेला. तिशीच्या आत ही टेस्ट सरसकट करत नाहीत, त्याचं कारणही हेच. आज पॉझिटिव्ह येईल आणि पुढच्या वर्षी गायब होईल, मग उगाच टेन्शन कशाला?

प्रश्न येतो तो पाहुणा बिऱ्हाड थाटून बसला तर. हाय रिस्क प्रकार वर्षानुवर्षं टिकून राहिला, तर पेशी हळूहळू बदलत जातात. रिपोर्टवर सीआयएन १, २, ३ असं जे लिहितात, त्या याच पायऱ्या. पहिली पायरी बहुतेक वेळा आपोआप ओसरते. तिसरीवर उपचार करावेच लागतात. आणि पहिल्या संसर्गापासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास? सर्वसाधारणपणे १५ ते २० वर्षांचा. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये धोका वाढतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांमध्ये तो सुमारे सहा पट असतो आणि प्रवासही लवकर होतो.

म्हणजे हा कॅन्सर आपल्याला पंधरा-वीस वर्षांची नोटीस देतो. इतकी सवलत दुसरा कुठला आजार देतो? आणि तरीही २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार जणींना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार जणी गेल्या. कारण नोटीस येते, पण ती उघडून बघणारंच कुणी नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींनीसुद्धा ही तपासणी कधी केलेली नव्हती.

बार्शीनं जगाला दाखवलं

ही नोटीस वेळेत उघडली तर काय होतं, याचा जगातला एक भक्कम पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. आणि तो पुण्या-मुंबईतल्या नव्हे, तर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही टेस्ट झाली, तीही आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी मोजणी केली तेव्हा तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरनं ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४. जवळजवळ निम्मे! २००९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलनं आणखी स्वस्तातला मार्ग तपासला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी गर्भाशयमुखावर पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, लावून पाहायचं. बदललेला भाग पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

लस: अजून वेळ गेलेली नाही?

"मग आता लस घेऊन काय उपयोग?" मैत्रिणीचा पुढचा प्रश्न. लसीत जिवंत व्हायरस नसतो, त्याचं नुसतं रिकामं कवच असतं. ते ओळखून शरीर आधीच तयारीत राहतं. आत शिरलेल्या व्हायरसला मात्र लस बाहेर काढत नाही. म्हणून सगळ्यांत उत्तम वय ९ ते १४, म्हणजे कुठलाही संबंध येण्याआधी. मोठेपणी घेतली तर न भेटलेल्या प्रकारांपासून बचाव होऊ शकतो, पण फायदा कमी. ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. नऊ प्रकारांवरची परदेशी लसही मिळते. २००९ मध्ये भारतात लसीचे दोन डोस की तीन, हे ठरवायला चाचणी सुरू झाली होती. २०१० मध्ये सरकारनं लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पण त्यांच्यावर लक्ष ठेवणं थांबलं नाही, आणि एका डोसनंही १६ आणि १८ पासून उत्तम संरक्षण मिळतं, असं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल, असं सांगितलं. त्यामागच्या पुराव्यांत या भारतीय मुलींचा वाटा मोठा आहे. लस घेतली म्हणून तपासणीला सुट्टी नाही, बरं का! सगळे हाय रिस्क प्रकार कुठल्याच लसीत नाहीत.

'कुठून आलं?'

आता त्या चार दिवसांच्या अबोल्याबद्दल. नवऱ्यानं तोच प्रश्न डॉक्टरबाईंनाही विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडूनही आला असेल. पुरुषांसाठी याची रुटीन टेस्टच नाही, म्हणून तुमचा रिपोर्ट कधी कोरा, कधी पॉझिटिव्ह असं होत नाही. हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. कुणाकडून, कधी आला, हे जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही. हा आरोग्याचा रिपोर्ट आहे, चारित्र्याचा दाखला नाही." मैत्रीण सांगत होती, गाडीत बसल्यावर तो 'सॉरी' म्हणाला. रिमाइंडरही त्यानंच लावला, पुढच्या वर्षीच्या तारखेचा.

गोष्ट इथं संपली असती. पण मैत्रिणीनं त्याच आठवड्यात मिरजेला आईला फोन केला. आई ५८ वर्षांची. पाळी जाऊन आठ वर्षं झालेली, बाबा जाऊन सहा. "अगं, मला काय होतंय आता? पिशवीची तपासणी कशाला या वयात?" महिनाभर टोलवाटोलवी झाली. शेवटी लेक स्वतः जाऊन घेऊन गेली.

आईचा रिपोर्ट आला नंबर १६ पॉझिटिव्ह. कॉल्पोस्कोपी, बायॉप्सी, सीआयएन ३. कॅन्सरच्या अलीकडची शेवटची पायरी. दुखणं नाही, अंगावर जाणं नाही, काही म्हणता काही लक्षण नाही. भूल दिली ती फक्त त्या जागेपुरती. तारेच्या छोट्या फासानं खराब भाग काढला आणि संध्याकाळी माउली घरी येऊन भाकऱ्या थापायला बसल्या. आता ठरलेल्या तारखांना तपासण्या करायच्या.

"आणि तुला सांगू," मैत्रीण फोनवर म्हणाली, "आईला मात्र कुणीच विचारलं नाही, की हे तुला कुठून आलं."

चटकन लक्षात ठेवा

रिपोर्टचं दुसरं पान वाचा: कुठला नंबर, पॅप नॉर्मल की नाही.
तिशी ओलांडली की एचपीव्ही टेस्ट करा. निगेटिव्ह आली तर साधारणपणे पाच वर्षं निवांत.
संबंधांनंतर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला तर टेस्टची वाट पाहू नका, थेट डॉक्टरकडे जा.
काँडोममुळे धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. सिगारेट सोडाच.
आणि आज घरी फोन कराल तेव्हा आईला एवढं विचारा, "तुझी टेस्ट कधी झाली होती गं?"