चक्र कोठे चुकले?

परभणी जिल्ह्यात गंगाखेड, जिंतूर, परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू आणि सोनपेठ असे नऊ तालुके आहेत. समजा, एखाद्या दिवशी प्रत्येक तालुक्यात २० मिलिमीटर पाऊस पडला. साधी सरासरी अर्थातच २० येईल. पण विद्यार्थ्याने पायथन भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामने उत्तर दिले १७.८. संगणकाने कसलीही तक्रार केली नाही. मग चूक कोठे आहे?

एकच कृती पुन:पुन्हा करवून घेण्यासाठी प्रोग्राममध्ये जे चक्र लिहितात त्याला लूप म्हणतात. वरच्या प्रोग्रामातील लूप असा होता (संगणकावर तो अर्थातच रोमन लिपीत लिहावा लागतो):

फॉर क इन रेंज(१, ९):
    बेरीज = बेरीज + पाऊस[क]

लूपमधील चुका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या चुका व्याकरणाच्या. पहिल्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम राहिला, किंवा दुसरी ओळ समास सोडून आत घेतली नाही, तर पायथन पुढे जाण्यासच नकार देते आणि ओळीचा क्रमांक सांगते. मात्र तो क्रमांक चूक लक्षात आली त्या जागेचा असतो. सी भाषेत ओळीअखेरचा अर्धविराम राहिला, तर तक्रार अनेकदा पुढच्या ओळीबद्दल येते. म्हणून सांगितलेल्या ओळीबरोबर तिच्या वरची ओळही तपासावी.

दुसऱ्या प्रकारच्या चुका व्याकरणात बसतात आणि म्हणूनच फसवतात. सी भाषेत फॉरच्या कंसानंतर लगेच अर्धविराम दिला, तर लूप नऊ वेळा रिकामाच फिरतो आणि बेरीज नंतर एकदाच होते. तोवर क चे मूल्य १० झालेले असते. दहावा तालुका तर नाहीच! व्हाइल लूपमध्ये क वाढविण्याची आज्ञा विसरली, तर लूप थांबतच नाही. अशा वेळी घाबरू नये. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की बहुधा प्रोग्राम थांबतो.

अशी चूक अनुभवी माणसांकडूनही होते. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या झून या संगीतयंत्राच्या ३० जीबी क्षमतेच्या नमुन्यातील असंख्य यंत्रे एकाएकी बंद पडली. ते लीप वर्ष होते आणि तो त्याचा ३६६वा दिवस. दिवसांची संख्या ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत लूप फिरणार होता. पण लीप वर्षात ती ३६६ पेक्षा जास्त असेल तरच कमी होणार होती. बरोबर ३६६ ला काहीच बदलेना आणि लूप फिरतच राहिला.

आता आपल्या पावसाकडे वळू. अशा वेळी आम्ही संगणक बाजूला ठेवून कागद घेतो आणि प्रत्येक फेरीत काय बदलते ते लिहितो:

फेरी १: क = १, बेरीज = २०
फेरी २: क = २, बेरीज = ४०
…
फेरी ८: क = ८, बेरीज = १६०

येथेच लूप संपतो. पायथनच्या रेंजमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही. तेथे १० हवे होते. आठ तालुक्यांची बेरीज १६०, तिला नऊने भागले, म्हणून १७.८.

ही रीत वर्गात सहज वापरता येईल. वीज नसली किंवा अनेक मुलांत एकच संगणक असला तरी अडत नाही. शिक्षकांनी चूक स्वत: दुरुस्त करून देऊ नये, मुलांकडून तक्ता भरून घ्यावा आणि पहिली फेरी, शेवटची फेरी व उत्तर आधीच ठाऊक असलेले एक उदाहरण तपासायला सांगावे. आपण सगळीकडे २० मिलिमीटर धरले म्हणून चूक उघडी पडली. खरे, निरनिराळे आकडे असते तर १७.८ हे उत्तर कोणालाही खटकले नसते. पेरणीचे आणि टंचाईचे निर्णय अशाच आकड्यांवर अवलंबून असतात आणि येथे यादीत शेवटी असलेल्या सोनपेठचा पाऊस मोजलाच गेला नव्हता.