पुराचे पाणी, वाहन आणि त्यातील माल

मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. कल्याण ते निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो आणि तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. काळ्या जमिनीच्या या प्रदेशात जोराचा पाऊस झाला म्हणजे ओढेनाले घटका-दोन घटकांत भरून येतात. पैठणच्या जायकवाडी किंवा माजलगाव धरणातून पाणी सोडले गेले असेल, तर गोदावरीला फुगवटा येतो आणि ओढ्यांचे पाणी पुढे सरकेनासे होते. जुलै ते सप्टेंबर हा असा पुराचा काळ. कपाशीवर फवारावयाची औषधे दुकानांतून गावोगाव जातात तीही नेमक्या याच महिन्यांत. म्हणून पुरातील वाहनाचा आणि वाहनातील रसायनाचा विचार येथे एकत्रच करावयास हवा.

वाहनाविषयीच्या समजुती

वाहनांची आवड असलेली मंडळी एकत्र जमली की कोणती गाडी किती पाण्यातून जाते यावर हमखास चर्चा रंगते. जीप उंच असते, ट्रॅक्टरला पाण्याचे भय नाही, बस तर जडच असते, अशी मते ठामपणे मांडली जातात. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु ती अपुरी आहेत.

साधा हिशेब करून पाहू. चार मीटर लांब व दीड मीटर रुंद मोटारीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मीटर होते. तळाच्या वर १० सेंटिमीटर पाणी चढले की ते गाडीला सुमारे ६०० किलो बळाने वर उचलते. गाडीचे वजन १,२०० किलो असेल, तर आत पाणी शिरण्यापूर्वी अवघ्या २० सेंटिमीटरला ती तरंगू लागते. रस्त्यापासून मोजल्यास हे पाणी गुडघ्याच्या आसपासच असते. जीपसारख्या मोठ्या गाडीचे वजन अधिक, पण तिचा तळही तितकाच रुंद. त्यामुळे तिला मिळणारी सवलत थोड्या सेंटिमीटरांचीच असते. शिवाय पूर्ण तरंगण्याच्या बऱ्याच आधी चाकांची रस्त्यावरील पकड सुटते.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. कारखानदार वाहनाच्या पुस्तिकेत पाण्याची जी खोली देतात, ती संथ पाण्यासाठी असते. वाहत्या ओढ्यासाठी नव्हे. हवा घेण्याची नळी उंच बसविली म्हणजे इंजिन पाणी ओढत नाही हे खरे. मात्र त्यामुळे गाडी तरंगावयाची थांबत नाही. ट्रॅक्टरचे इंजिन चालू राहिले तरी मागची रिकामी ट्रॉली प्रवाहाने आडवी होते व ट्रॅक्टरला आपल्याबरोबर ओढते.

जड वाहनाविषयीचा भ्रम किती महागात पडतो, हे २८ सप्टेंबर २०२१ रोजी दिसून आले. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ दहागाव येथील नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे निघालेली राज्य परिवहनची बस वाहून गेली आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. बस जड असली, तरी तिची लांबलचक बाजू प्रवाहाला आडवी येते व सारा रेटा तिच्यावर बसतो.

वाहनातील रसायने

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ही औषधे केवळ श्वासावाटे नव्हे, तर त्वचेवाटेही शरीरात जातात. बुडालेल्या वाहनातून फुटलेली बाटली बाहेर आली, तर बचावासाठी उतरलेल्या माणसालाही धोका पोहोचतो. डब्यावरील लाल त्रिकोण हे अतिविषारीपणाचे चिन्ह होय. अन्नधान्याच्या किंवा पशुखाद्याच्या संपर्कात येतील अशा रीतीने कीटकनाशके नेण्यास वा साठविण्यास १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी मनाई केली आहे. एकाच ट्रॉलीत माणसे, धान्य व औषधे घालणे म्हणूनच गैर आहे.

विशेष सावधगिरी हवी ती धान्याच्या गोदामातील अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी. ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो आणि तो पेटही घेऊ शकतो. अशा ठिकाणी पाणी मारणे म्हणजे संकट वाढविणे होय. माणसांना वाऱ्याच्या उलट दिशेला दूर न्यावे आणि जाणकारांना बोलवावे.

महामार्गावरील टँकरच्या बाजूंना व मागे धोक्याची पाटी असते. तिच्यावरील चार अंकी क्रमांक आतील पदार्थ सांगतो. उदाहरणार्थ, १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. अपघाताची वर्दी देताना हा क्रमांक दुरूनच वाचून कळविला, तर येणारे पथक तयारीनिशी येते.

बचावाची रीत

गाडी पाण्यात सापडली तर पहिले काही क्षण मोलाचे असतात. एक मीटर रुंद दरवाजाला बाहेरून अर्धा मीटर पाणी लागले, तर त्यावर सुमारे सव्वाशे किलो दाब येतो. दार उघडण्यात वेळ न घालविता पट्टा सोडावा, बाजूची काच खाली करावी आणि बाहेर पडून टपावर जावे. काच फोडावी लागल्यास बाजूची, कोपऱ्याजवळ टोकदार वस्तूने फोडावी. समोरची काच सहसा फुटून पडत नाही.

काठावरच्यांनी पाण्यात उडी घेऊ नये. दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा घट्ट झाकणाचा रिकामा तेलाचा डबा फेकावा. औषधाचा रिकामा डबा मात्र तरंगण्यासाठी कधीही वापरू नये. प्रवाहात उतरणाऱ्याच्या कमरेला दोराची पक्की गाठ मारणेही घातक आहे. दोर ताणला की पाणी त्याला खाली दाबते. बाहेर काढलेल्या व्यक्तीच्या अंगावर औषध सांडले असल्यास कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे व औषधाच्या वेष्टनासह तिला रुग्णालयात पोहोचवावे.

ग्रामपंचायतीचे कार्य

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याहून निघून मानवतला पोहोचेपर्यंत कित्येक तास जातात. ओढ्याचा पूर तेवढा थांबत नाही. तेव्हा पहिली मदत गावाचीच असणार, हे गृहीत धरावयास हवे. प्रत्येक फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना रंगीत पट्ट्यांचा खांब उभारावा. पुलावर पाणी येताच दोर किंवा आडवा बांबू लावून दोन्ही बाजूंस माणूस उभा करावा. औषधांचे साठे व गोदामे यांची यादी करून ते साठे उंचावर हलवावेत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ व आपत्कालीन ११२ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहावेत. तरंगणाऱ्या मोटारीचा वरील हिशेब शिक्षकांनी वर्गात मुलांकडून सोडवून घ्यावा. ती मुले घरी जाऊन वडीलधाऱ्यांना तो सांगतील.

पाणी ओसरण्यास तास-दोन तास लागतील. तेवढे काठावर थांबण्याने बाजार बुडत नाही आणि फवारणीही चुकत नाही. फरशीवर उभा असलेला गावचा माणूस 'थांबा' म्हणेल, तेव्हा गाडी कितीही उंच असली तरी थांबावे.