ढळत्या वयाची आत्मचित्रे

आत्मछायाचित्र, म्हणजे छायाचित्रकाराने स्वतःलाच विषय करून घडवलेली प्रतिमा, हे सेल्फीचे जुने भावंड असले, तरी सेल्फीत मनाजोगता चेहरा मिळेपर्यंत नको त्या छबी पुसल्या जातात, आणि मध्यमवयीन स्त्रियांच्या गंभीर आत्मचित्रणात बहुधा तीच नकोशी छबी जपून ठेवलेली असते.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन नॉगल (१९२२–२००५) दुसऱ्या महायुद्धात वास्प या महिला वैमानिकांच्या दलात होत्या, पुढे त्यांनी पिकांवर औषध फवारणारी विमानेही चालवली, हवाई दलातही नोकरी केली, आणि प्रकृतीमुळे तिथून निवृत्त व्हावे लागल्यावर विद्यापीठात कलाशिक्षण घेऊन त्या छायाचित्रणाकडे वळल्या. १९७५ मध्ये त्यांनी फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा ताणून जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया, करून घेतली आणि डोळ्यांभोवतीचे टाके व काळेनिळे वळ ताजे असतानाच आपला चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला. वय लपवण्याची इच्छा आणि त्या इच्छेची उघड कबुली या दोन्ही गोष्टी त्या चित्रांत एकत्र नांदतात, आणि म्हणूनच, सुरकुत्यांचे नुसते गुणगान करणाऱ्या चित्रांपेक्षा ती अधिक खरी वाटतात. वयाची खंत उरलेली असतानाही स्वतःकडे रोखून पाहता येते, हे त्यांतून दिसते.

ब्रिटनच्या जो स्पेन्स (१९३४–१९९२) यांनी स्टुडिओत लग्नाचे व कौटुंबिक फोटो काढण्याचा व्यवसाय केला होता, त्यामुळे कौटुंबिक अल्बममध्ये काय लावले जाते आणि काय वगळले जाते, हे त्या जाणून होत्या. १९७९ च्या ‘बियॉन्ड द फॅमिली अल्बम’ या मालिकेत त्यांनी साडेआठ महिन्यांच्या वयाचे आपले विवस्त्र छायाचित्र आणि त्यानंतर ५२८ महिन्यांनी, म्हणजे ४४ वर्षांनी, काढलेले तसेच छायाचित्र शेजारी-शेजारी मांडले. तान्ह्या मुलीच्या ज्या उघड्या अंगाचे घरात कौतुक होते, तेच अंग प्रौढपणी लाजिरवाणे का ठरावे, हा प्रश्न ही जोडी विचारते. त्यांच्या पुष्कळ आत्मचित्रांत शटर सहकारी दाबत असे, तरीही ती आत्मचित्रेच होत, कारण कसे दिसायचे हा निर्णय त्यांचा होता.

१९८४ पासून सहकारी छायाचित्रकार रोझी मार्टिन यांच्यासह स्पेन्स यांनी ‘फोटोथेरपी’ विकसित केली. तीत आयुष्यातले जुने प्रसंग व नाती वेशभूषेसह पुन्हा उभी करून त्यांची छायाचित्रे काढली जात. त्यांतल्या काही चित्रांत स्पेन्स स्वतःच्या आईच्या, म्हणजे एका कष्टकरी कामगार स्त्रीच्या, भूमिकेत उभ्या राहिल्या, आणि मुलगी म्हणून आईवर धरलेला राग प्रौढ वयात तपासून पाहण्याची वाट त्यांना त्या भूमिकेतून मिळाली.