मोहरीच्या परागाची साक्ष

मोहरीच्या फुलात सहा पुंकेसर असतात. चार उंच, दोन आखूड. त्यांचे परागकोश चिमट्याने खुडले की पिवळी, चिकट भुकटी हाती येते. ती तशीच भिंगाखाली ठेवून भागत नाही, कारण कणावरचा तेलकट थर आणि आतला जिवंत ऐवज कवचाची नक्षी झाकतो.

त्यासाठी परागतज्ज्ञ एर्टमन यांची रीत वापरायची: नऊ भाग ॲसेटिक अनहायड्राइड, एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल. पाण्याशी गाठ पडली तर हे मिश्रण उसळते, म्हणून पराग आधी ग्लेशियल ॲसेटिक आम्लात धुऊन ओलावा काढतात. नळी काही मिनिटे गरम पाण्यात ठेवली की बाकीचे नाहीसे होते आणि सोनेरी-तपकिरी कवच उरते.

भिंगाखाली मोहरी, मुळा, कोबी यांचे कण एकाच घडणीचे दिसतात: तीन उभ्या खाचा आणि पृष्ठभागावर जाळी. कण ध्रुवाकडून दिसला तर तिन्ही खाचा एकदम मोजता येतात. आडवा पडला असेल तर आच्छादनकाच हलकेच सरकवून त्याला वळवावे लागते. मग लांबी, रुंदी, जाळीच्या घरांचा आकार, भिंतींची जाडी नोंदवायची. नुसत्या आकारमानावर विसंबता येत नाही. गुणसूत्रांच्या संचांची संख्या वाढली की कण सहसा मोठा होतो, आणि ग्लिसरीन जेलीत तो फुगतोही.

मोहरीच्या कुलात बहुतेक ठिकाणी असा सारखेपणा असल्यामुळेच वेगळेपणा मोलाचा ठरतो. उत्तर अमेरिकेतल्या फायसेरिया आणि लेस्क्वेरेला या प्रजाती फळांवरून वेगळ्या मानल्या जात: पहिलीची फळे जुळी फुगीर, दुसरीची साधी. पण दोन्हींच्या परागांवर तीनऐवजी चार किंवा अधिक खाचा होत्या. डीएनएनेही जवळचे नाते दाखवले आणि 2002 मध्ये लेस्क्वेरेलाच्या बहुतेक जाती फायसेरियात गेल्या.

तरी खाचांना अंतिम शब्द देता येत नाही. त्याच कुलातल्या ॲराबिडॉप्सिसमध्ये एका जनुकाचे काम थांबले तर खाचा पार नाहीशा होतात, हे 2012 मध्ये दिसले. एवढ्याने वनस्पतीचे कुल बदलत नाही. म्हणून परागाचे निरीक्षण फळ, बी, वनस्पतीवरचे केस आणि डीएनए यांच्या शेजारी मांडावे. निरनिराळ्या वाटांनी आलेले पुरावे एका जागी मिळतात, तेव्हाच नाते सांगण्याचा अधिकार आपल्याला येतो.