विसापूरचे पागे आणि ‘जुने परत द्या’

मनरेगा वाचवा म्हणत काँग्रेस रस्त्यावर उतरली, हे योग्यच झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा हा जुना कायदा मोडीत काढला. नव्यात दिवस शंभराचे सव्वाशे झाले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यांच्या गळ्यात पडला. विरोध हवाच. प्रश्न पुढचा आहे. ‘जुने परत द्या’ यापलीकडे हा पक्ष काय मागतो? सातारा-सांगलीतल्या पुरोगामी कार्यकर्त्यांची काँग्रेसवरची जुनी नाराजी नेमकी इथे आहे.

कारण हा कायदा ज्या कल्पनेतून आला, ती याच मातीतली आणि याच पक्षातली. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. सौम्य, अभ्यासू, पक्षशिस्तीतला माणूस. पण मागणी केवढी! हाताला काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची मेहेरबानी नसून कायदेशीर जबाबदारी असावी. १९६५ मध्ये त्यांनी विसापूर परिसरात प्रयोग करून दाखवला, १९७२च्या दुष्काळात योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा, याचेही उत्तर तयार होते. १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. शहरातल्या पगाराने गावातल्या मजुराची चूल पेटवायची, असा रोखठोक हिशेब. मवाळ पक्षातही एवढी हिंमत असू शकते, हे पागे यांनी सिद्ध केले.

तो कर आजही कापला जातो. खंडाळा तालुक्यात शिरवळच्या कुठल्याही कारखान्यातली पगारपावती पाहा. पुरुष कामगाराचा पगार दहा हजारांवर असला की दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. अगदी कंत्राटदारामार्फत लागलेल्या पोराच्या पावतीवरही ही ओळ असते. कंत्राट संपले की गेटबाहेर पडणाऱ्या या पोराला मात्र कुठलीच हमी नाही. त्याच्या गावाला रोजगार हमी आहे, त्याच्या औद्योगिक वसाहतीला नाही. पागे असते तर त्यांनी आज नेमका हाच प्रश्न धरला असता, असे मला ठामपणे वाटते.

आणि पक्ष? २०१९च्या महाविकास आघाडी सरकारात रोजगार हमी खाते शिवसेनेकडे गेले. आपल्याच माणसाने घडवलेल्या खात्यासाठी काँग्रेसने तेव्हा हट्ट धरल्याचे दिसले नाही. वाई-खंडाळा-महाबळेश्वर मतदारसंघात २०१४ नंतर विधानसभेच्या मतदानयंत्रावर पंजाच नाही. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळा आघाडीत जागा राष्ट्रवादीची. सातारा लोकसभेलाही १९९९ नंतर तेच. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष राहिलेल्या इथल्याच प्रतापराव भोसले यांचे पुत्र मदन भोसले २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले.

आघाडीधर्म, जागावाटप, ताकद कमी, ही कारणे खोटी नाहीत. पण सांगलीने २०२४ मध्ये त्यांची परीक्षा घेतली. लोकसभेची जागा ठाकरे गटाला सोडली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे लाखाच्या मताधिक्याने जिंकले. मतदार तयार होते; दम पक्षात नव्हता.

ही खदखद नवी नाही. काँग्रेस शेतकरी-कामकऱ्यांसाठी पुरेशी पुढे जात नाही म्हणून १९४७-४८ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे बाहेर पडले, शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. जेधे पुढे परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात अशी बरीच माणसे सामावली गेली. त्यांची धार मात्र बाहेरच राहिली.

इतरत्र हाच पक्ष वेगळे वागू शकला आहे. राजस्थानात काँग्रेस सरकारने २०२२ मध्ये शहरांसाठी शंभर दिवसांची रोजगार योजना सुरू केली, २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. महाराष्ट्रात तर पन्नास वर्षांपासून त्यासाठीचा कर तयार आहे. जिल्हा परिषदेच्या गटागटांत मते मागताना शिरवळच्या कंत्राटी कामगाराला हमी द्या, ही एक मागणी तरी प्रदेश काँग्रेसने लेखी करावी आणि रोजगार हमी खात्यावर हक्क सांगावा.